दाबलं एक, झालं भलतंच: डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअर यांच्या शॉर्टकटच्या भांडणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ज्यांच्यावर चढत नाही अशी जुनी मशीन सोलापुरातल्या दुकानांत, कारखान्यांच्या ऑफिसांत आणि क्लासेसमध्ये अजून धडधाकट चालतात. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची सिस्टिम टाकून दिली की प्रिंटरच्या खालोखाल जी तक्रार येते ती शॉर्टकटची. आमच्याकडे नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘सुपर’ असं जिथे लिहिलं आहे ते कीबोर्डवरचं विंडोजच्या खुणेचं बटण समजा. ‘डेस्कटॉप’ म्हणजे विंडो, मेनू आणि पॅनल सांभाळणारं सॉफ्टवेअर; ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई आणि माटे ही लिनक्सवरच्या अशा डेस्कटॉपची नावं. केडीईमध्ये सुपरलाच मेटा म्हणतात.

एकच शॉर्टकट डेस्कटॉपचाही आणि सॉफ्टवेअरचाही असेल तर चालतो कोणाचा?

जवळजवळ नेहमी डेस्कटॉपचा. दाबलेलं बटण थेट सॉफ्टवेअरकडे जात नाही. आधी ते सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला कळतं, मग स्क्रीनवर सगळं दाखवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरला, मग डेस्कटॉपच्या विंडो सांभाळणाऱ्या भागाला, म्हणजे विंडो मॅनेजरला. मराठी टायपिंग चालू असेल तर मध्ये इनपुट मेथड, म्हणजे दाबलेल्या बटणांची मराठी अक्षरं करणारं सॉफ्टवेअर, येते. ज्या विंडोत तुम्ही काम करताय त्या सॉफ्टवेअरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. वाटेत ज्याने ते उचललं त्याच्यापाशीच ते संपतं.

जुन्या एक्स11 पद्धतीत विंडो मॅनेजर सुरू होतानाच सर्व्हरकडे आपली कॉम्बिनेशन्स नोंदवून ठेवतो. याला ग्रॅब म्हणतात. एका विंडोवर एक कॉम्बिनेशन एकालाच ग्रॅब करता येतं, दुसऱ्याने मागितलं तर सर्व्हर नकार देतो. नव्या वेलँड पद्धतीत तर सगळी बटणं आधी डेस्कटॉपच्याच हातात पडतात आणि त्याला नको असलेली तेवढी पुढे जातात.

यातला खरा त्रास असा की कुठेही एरर येत नाही. बटण दाबल्याचं सॉफ्टवेअरला कळतच नाही, मग ते तक्रार तरी काय करणार? वापरणारा दोन-चारदा जोर लावून दाबतो, मग कीबोर्ड बदलून बघतो, मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो. चांगले कीबोर्ड यापायी बाद झाल्याचं आम्ही पाहिलं आहे.

मग बदलायचं कोणाचं? डेस्कटॉपचं की सॉफ्टवेअरचं?

डेस्कटॉपचं. यावर आमचं मत पक्कं आहे.

सॉफ्टवेअरचे शॉर्टकट माणसाच्या बोटांत बसलेले असतात. टॅलीवर वर्षानुवर्षं व्हाउचर मारणारा अकाउंटंट कीबोर्डकडे बघतसुद्धा नाही. तेच शॉर्टकट क्लासमध्ये शिकवतात, तेच व्हिडिओत दाखवतात, आणि उद्या तो नोकरी बदलून होटगी रोडवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला तरी तिथल्या मशीनवर तेच असतात. आपल्या एका मशीनपुरते ते बदलले तर त्या माणसाला दोन सवयी सांभाळाव्या लागतात. डेस्कटॉपचे शॉर्टकट मात्र बहुतेक लोक चार-पाचच वापरतात: विंडो बदलणं, स्क्रीन लॉक करणं, स्क्रीनशॉट काढणं, टर्मिनल उघडणं. ते हलवले तर दोन दिवसांत अंगवळणी पडतात.

हलवायचे कुठे, तर सुपरवर. कंट्रोल आणि आल्ट ही बटणं फार जुनी, त्यांच्यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी केव्हाच आपले शॉर्टकट बसवले. सुपरचं बटण 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डबरोबर आलं आणि पहिल्यापासून ते सिस्टिमच्या कामासाठी राहिलं. ग्नोमच्या डिझाइन नियमांतही सुपर सिस्टिमसाठी राखीव आहे, अ‍ॅपने ते वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. एक्सएफसीई, माटे आणि सिनॅमन या जुन्या वळणाच्या डेस्कटॉपवर अजून बरेच शॉर्टकट कंट्रोल+आल्टवर आहेत, आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात.

अपवाद एकच: मशीन तुमचं नसेल, सेटिंग बदलायची परवानगी नसेल, तर नाइलाजाने सॉफ्टवेअरमध्ये बदल करा.

ही सेटिंग्ज सापडतात कुठे?

ग्नोममध्ये आणि उबुंटूमध्ये सेटिंग्ज उघडून ‘कीबोर्ड’मध्ये जा, तिथे शॉर्टकट बघायचं आणि बदलायचं पान आहे. मिंटच्या सिनॅमनमध्ये ‘कीबोर्ड’च्या आत ‘शॉर्टकट्स’ नावाचा टॅब आहे. केडीईत सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘शॉर्टकट्स’. लिबरऑफिसमध्ये टूल्स मेनूतलं ‘कस्टमाइझ’, त्यात ‘कीबोर्ड’.

एक्सएफसीईवाल्यांनी लक्ष द्या, तिथे जागा दोन आहेत. प्रोग्रॅम उघडणारे शॉर्टकट ‘कीबोर्ड’मध्ये असतात, आणि विंडो व वर्कस्पेसचे (एकाच मशीनवरचे जादा डेस्कटॉप) शॉर्टकट ‘विंडो मॅनेजर’च्या ‘कीबोर्ड’ टॅबमध्ये. एका ठिकाणी शोधून ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. दुसरीकडेही बघा.

टॅलीत पीरियड बदलायला आल्ट+एफ2 दाबलं की एक छोटी पट्टी उघडते आणि कमांड मागते. व्हायरस आहे का?

नाही. आल्ट+एफ2 हा लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर ‘रन’चा शॉर्टकट आहे. ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई, माटे, सगळीकडे तोच. एक्सएफसीईवर आल्ट+एफ3 सुद्धा डेस्कटॉपकडे आहे, आणि टॅली ईआरपी 9 वापरणाऱ्यांना आल्ट+एफ3 कंपनीच्या माहितीसाठी लागतो.

टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. बहुतेक ठिकाणी ते विंडोजच्या सर्व्हरवर असतं आणि लिनक्सच्या मशीनवरून रिमोट डेस्कटॉपने उघडलेलं असतं. म्हणजे डेस्कटॉप दोन झाले: बाहेर लिनक्सचा, आत विंडोजचा. आल्ट+एफ2 बाहेरच अडतं, आतल्या टॅलीपर्यंत पोचत नाही.

उपाय दोन आहेत. रिमोट डेस्कटॉपसाठी रेमिना हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिच्या टूलबारवर सगळी बटणं आत पाठवायचं, म्हणजे कीबोर्ड ग्रॅब करायचं बटण आहे. ते चालू केलं की आल्ट+एफ2 टॅलीला मिळतं. पण मग आल्ट+टॅबही आतच जातं, लिनक्सच्या दुसऱ्या विंडोवर यायला माउस घ्यावा लागतो. दिवसभर फक्त एंट्री मारणाऱ्याला हे चालतं. मार्केट यार्डातल्या किंवा नवी पेठेतल्या दुकानात मात्र माणूस एका बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर बघतो आणि दुसऱ्या बाजूला बिल करतो. त्याला ग्रॅब अडचणीचा. अशा ठिकाणी आम्ही ‘रन’चा शॉर्टकट आल्ट+एफ2 वरून काढून सुपर+आर वर नेतो. विंडोजवरही ‘रन’ तिथेच असल्यामुळे वेगळं शिकवावं लागत नाही.

आतल्या विंडोजला कंट्रोल+आल्ट+डिलीट द्यायचं असेल तर रिमोट डेस्कटॉपमध्ये कंट्रोल+आल्ट+एंड दाबा.

लॅपटॉपवर एफ8 दाबलं की सेल्सचं व्हाउचर येण्याऐवजी आवाज किंवा ब्राइटनेस बदलतो.

हे ना डेस्कटॉपचं ना टॅलीचं. लॅपटॉपच्या वरच्या ओळीची बटणं कंपनीने मीडियासाठी ठेवलेली असतात. एफएन धरून एफ8 दाबा. कायमचं हवं असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केपने ते उलटं होतं. नाही झालं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी सेटिंग) फंक्शन बटणांची सेटिंग शोधा.

अँड्रॉइड स्टुडिओत कोड नीट मांडायला कंट्रोल+आल्ट+एल दाबलं की स्क्रीनच लॉक होते.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा हा पेटंट प्रश्न. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजे ही कोड लिहायची सॉफ्टवेअर एकाच घरची, त्यामुळे हा त्रास दोघांतही आहे. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या तिन्हींवर कंट्रोल+आल्ट+एल म्हणजे स्क्रीन लॉक. ग्नोममध्ये लॉक सुपर+एल वर आहे, म्हणून उबुंटूवाल्या मित्राच्या मशीनवर ते चालतं आणि तुमच्या मिंटवर चालत नाही. लॉक सुपर+एल वर न्या, प्रश्न मिटला.

या सॉफ्टवेअरचे आणखीही शॉर्टकट अडतात. आल्ट+एफ7 ने एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते शोधायचं असतं, पण डेस्कटॉप विंडो हलवायला घेतो. कंट्रोल+आल्ट+डावा-उजवा अ‍ॅरो मागच्या-पुढच्या जागी नेण्यासाठी, तर डेस्कटॉप वर्कस्पेस बदलतो. कंट्रोल+आल्ट+टी कोडभोवती इफ किंवा ट्राय घालण्यासाठी, तर उबुंटू टर्मिनल उघडतो.

सगळ्यात फसवा प्रकार एक्सएफसीईवरच्या आल्ट+इन्सर्टचा. अँड्रॉइड स्टुडिओत त्याने गेटर, सेटर, कन्स्ट्रक्टर तयार करायची यादी उघडते. एक्सएफसीईवर त्याचा अर्थ ‘नवीन वर्कस्पेस जोडा’. आता हे होतं कसं ते बघा. विद्यार्थी आल्ट+इन्सर्ट दाबतो, समोर काहीच हलत नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा काही नाही. तिकडे पॅनलच्या कोपऱ्यातल्या वर्कस्पेसच्या छोट्या चौकटीत दर वेळी एक नवा चौकोन वाढतो आणि आधीचे चौकोन आणखी बारीक होतात. महिन्याभराने तो विचारतो, ‘सर, माझ्याकडे एवढे डेस्कटॉप आले कुठून?’ चौकोन मोजायच्या भानगडीत पडू नका. विंडो मॅनेजरच्या कीबोर्ड टॅबमध्ये ‘अ‍ॅड वर्कस्पेस’ची ओळ रिकामी करा आणि वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये आकडा पुन्हा चारावर आणा.

तिथेच आणखी एक काम उरकून घ्या. एक्सएफसीई कंट्रोल+एफ1 पासून कंट्रोल+एफ12 पर्यंत सगळी बटणं वर्कस्पेससाठी राखून ठेवतो. त्यात ब्रेकपॉइंटचा कंट्रोल+एफ8 जातो, बिल्डचा कंट्रोल+एफ9 जातो आणि लिबरऑफिस रायटरचा ऑटोटेक्स्टचा कंट्रोल+एफ3 सुद्धा जातो. बारा वर्कस्पेस कोण वापरतं? त्या ओळी बिनधास्त रिकाम्या करा.

इंटेलिजेच्या सेटिंगमध्ये ग्नोम आणि केडीईसाठी वेगळे तयार कीमॅप, म्हणजे शॉर्टकटचे संच, मिळतात. तेही चालतात, पण कॉलेजच्या लॅबमध्ये नेहमीचा कीमॅप असेल तर घरी तोच ठेवलेला बरा.

चादरीचं, टॉवेलचं डिझाइन करताना आल्ट धरून ओढलं की चित्राऐवजी पूर्ण विंडोच सरकते.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांची डिझाइन करणाऱ्यांना हे सतत नडतं, कारण एकच बुट्टी उचलून रिपीटमध्ये इकडून तिकडे बसवणं हे त्यांचं रोजचं काम. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्ट धरून ओढलं तर सिलेक्शनची फक्त चौकट सरकते, कंट्रोल+आल्ट धरलं तर आतला भाग कापून सरकतो आणि शिफ्ट+आल्ट धरलं तर त्याची कॉपी सरकते. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्ट+क्लिकने वरच्या आकाराखाली दडलेला आकार निवडता येतो. एकमेकांवर चढलेल्या वेलबुट्ट्यांत तर याच्याशिवाय भागत नाही.

पण एक्सएफसीई, माटे आणि सिनॅमन यांनी आल्ट+ड्रॅग विंडो हलवायला घेतलेलं असतं. डिझायनरला वाटतं टूल बिघडलं. ग्नोमने हे काम केव्हाच सुपरवर नेलं, म्हणून तिथे त्रास नाही. सिनॅमनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘विंडोज’ या भागात, वर्तनाच्या टॅबवर, विंडो हलवायचं खास बटण निवडता येतं, तिथे सुपर करा. एक्सएफसीईत ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ टॅबमध्ये हीच सेटिंग आहे. माटेत विंडोच्या पसंतींमध्ये.

डिझायनरचं मशीन लावून देताना आम्ही ही सेटिंग आधी बदलतो आणि मग गिम्प टाकतो. ज्याचं पोट डिझाइनवर आहे त्याला नव्या सिस्टिमबद्दल पहिल्याच दिवशी शंका येऊ नये.

मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही चालत नाही. दर वेळी इंग्रजीवर यावं लागतं.

इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत (लेआउटमध्ये) सी च्या बटणावर म आहे, व्ही वर न आहे आणि एक्स वर अनुस्वार. तुम्ही कंट्रोल+सी दाबता, सॉफ्टवेअरला दिसतं कंट्रोल+म. त्याच्या यादीत कंट्रोल+म असं काही नाही, म्हणून ते गप्प बसतं.

बहुतेक चांगली सॉफ्टवेअर यातून वाट काढतात: याच बटणावर दुसऱ्या लेआउटमध्ये कोणतं इंग्रजी अक्षर आहे ते बघतात आणि सी सापडला की कॉपी करतात. पण त्यासाठी लेआउटच्या यादीत इंग्रजी असावं लागतं. ‘आम्हाला फक्त मराठीच हवं’ म्हणून कोणी इंग्रजी लेआउट काढून टाकतं आणि शॉर्टकट बंद पडतात. तर पहिली गोष्ट, इंग्रजी काढू नका. काही सॉफ्टवेअर, विशेषतः जावावर चालणारी, एवढी वाट काढत नाहीत.

आम्ही सुचवतो तो पक्का मार्ग असा: मराठी लेआउट म्हणून न घेता आयबस या भाषा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एम17एन या संचातली मराठी इनपुट मेथड घ्या. त्यात इन्स्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करायची पद्धतही. अशा वेळी मूळ लेआउट इंग्रजीच राहतो, आयबस फक्त अक्षरं मराठी करतो, आणि कंट्रोल धरून दाबलेलं बटण सहसा जसंच्या तसं पुढे जातं.

तोवर एक जुनी युक्ती वापरा. कंट्रोल+इन्सर्टने कॉपी, शिफ्ट+इन्सर्टने पेस्ट, शिफ्ट+डिलीटने कट. आयबीएमने 1987 मध्ये जे नियम मांडले त्यांतले हे शॉर्टकट. त्यांत अक्षरच नाही, त्यामुळे कीबोर्ड मराठी असो की कन्नड, लिबरऑफिसमध्ये आणि ब्राउझरमध्ये ते चालतात.

आमच्याकडे इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, पाचही लागतात. पाचवी भाषा चालतच नाही.

सोलापुरात हा प्रश्न येणारच. पूर्व भागातल्या डीटीपीच्या दुकानात एका दिवसात लग्नपत्रिका मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये निघतात.

एक्स11 च्या कीबोर्ड यंत्रणेत एका वेळी जास्तीत जास्त चारच लेआउट बसतात. इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू झाले की जागा भरली, उर्दूला जागा उरत नाही. ग्नोम स्वतःची यादी ठेवून लागेल तसा लेआउट अदलाबदल करतो, त्यामुळे तिथे चारापेक्षा जास्त घेता येतात. दुसरीकडे वर सांगितल्याप्रमाणे आयबसच्या इनपुट मेथड घ्या, त्या या चाराच्या हिशेबात येत नाहीत.

भाषा बदलायला कोणतं बटण ठेवायचं याचाही इथेच विचार करा, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण तेच. ग्नोममध्ये आणि आयबसमध्ये सुपर+स्पेस आहे. तोच ठेवा. आयबससारखंच दुसरं सॉफ्टवेअर फसिटिक्स5 कंट्रोल+स्पेस घेतं, आणि मग लिबरऑफिस कॅल्कमध्ये पूर्ण कॉलम सिलेक्ट होत नाही, व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये आणि अँड्रॉइड स्टुडिओत पुढचा शब्द सुचवायची यादी उघडत नाही. आल्ट+शिफ्ट किंवा कंट्रोल+शिफ्ट ठेवला तर आणखी गुंता होतो. एक्स11 मूळच्या वागणुकीप्रमाणे ही दोन बटणं दाबताक्षणी भाषा बदलतो, सोडेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे साधं पेस्ट करायचं कंट्रोल+शिफ्ट+व्ही किंवा बंद झालेला टॅब परत आणायचं कंट्रोल+शिफ्ट+टी मधल्या मध्ये अडतं. उजवा आल्टही देऊ नका, भारतीय भाषांच्या लेआउटमध्ये जादा चिन्हांसाठी तो लागतो.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+टिंब दाबलं की चूक सुधारण्याऐवजी इमोजी येतात.

आयबसची करामत. आयबसच्या काही आवृत्त्यांत इमोजीसाठी कंट्रोल+टिंब आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत कंट्रोल+शिफ्ट+ई होतं आणि तेव्हा व्हीएस कोडचा फाइलींचा साइडबार अडायचा. आयबसच्या पसंतींमध्ये इमोजीचा टॅब आहे, तिथला शॉर्टकट काढून टाका.

शॉर्टकट कोण खातंय हे ओळखायचं कसं?

सगळ्या विंडो मिनिमाइझ करा आणि रिकाम्या डेस्कटॉपवर शॉर्टकट दाबा. काही घडलं तर डेस्कटॉपचाच आहे.

काही दिसलं नाही तर आम्ही एक सोपी चाल करतो. डेस्कटॉपच्या शॉर्टकट सेटिंगमध्ये नवीन शॉर्टकट तयार करायला घ्या आणि तेच कॉम्बिनेशन द्या. ते आधीच कोणाकडे असेल तर ग्नोम आणि केडीई दोघेही नाव घेऊन सांगतात की हे अमक्यासाठी वापरात आहे. नाव कळलं की ‘कॅन्सल’ करा.

तिथेही काही सापडलं नाही तर मागे चालू असलेली छोटी सॉफ्टवेअर बघा: स्क्रीनशॉटचं, क्लिपबोर्डचं, रिमोट सपोर्टचं. एकेक बंद करून तपासा. सॉफ्टवेअरच्या आतही भांडण असू शकतं, एखाद्या एक्स्टेंशनने तोच शॉर्टकट घेतलेला असतो. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये शॉर्टकट ट्रबलशूटिंग चालू करायची कमांड आहे. ती चालू ठेवून बटण दाबलं की व्हीएस कोडला काय मिळालं आणि त्याने कोणती कमांड निवडली ते ओळीओळीने दिसतं. तिथे एकही ओळ उमटली नाही, तर बटण व्हीएस कोडपर्यंत पोचलंच नाही. दोष बाहेर शोधा.

टर्मिनलची भीती नसेल तर एक्स11 वर एक्सईव्ही आणि वेलँडवर डब्ल्यूईव्ही ही छोटी साधनं विंडोपर्यंत आलेलं प्रत्येक बटण छापून दाखवतात.

वेलँड आल्यापासून ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचं रेकॉर्डिंग शॉर्टकटने चालू होत नाही. विंडो समोर असेल तरच होतं.

वेलँडमध्ये एका सॉफ्टवेअरला दुसऱ्या विंडोत दाबलेली बटणं दिसत नाहीत. एक्स11 वर कोणतंही सॉफ्टवेअर तुमचा पासवर्ड टाइप होताना ऐकू शकत होतं, ते दार वेलँडने बंद केलं. आमच्या मते हे बरोबरच झालं, बँकेचं काम त्याच मशीनवर होतं. पण त्याबरोबर मागून चालणारे शॉर्टकटही गेले.

त्यासाठी आता ग्लोबल शॉर्टकट पोर्टल नावाची सोय आहे. सॉफ्टवेअर डेस्कटॉपकडे शॉर्टकट मागतं, डेस्कटॉप तुम्हाला विचारतो. केडीई प्लाझ्मात ती 5.27 पासून आहे, ग्नोममध्ये 48 पासून. सॉफ्टवेअरनेही ती वापरायला हवी, आणि अजून सगळी वापरत नाहीत.

याच्या उलट, रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीनला डेस्कटॉपचे शॉर्टकट हवे असतील तर ग्नोम परवानगीची चौकट दाखवतो. परवानगी दिल्यावर आत अडकल्यासारखं झालं तर सुपर+एस्केप दाबा, शॉर्टकट पुन्हा डेस्कटॉपकडे येतात.

टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी ने कॉपी का होत नाही?

तिथे कंट्रोल+सी म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवा, आणि हा अर्थ कॉपीपेक्षा जुना. कॉपीसाठी कंट्रोल+शिफ्ट+सी. मग तीच सवय ब्राउझरमध्ये गेली की डेव्हलपर टूल्स उघडतात, घाबरू नका, एफ12 ने बंद होतात. टर्मिनल अचानक गोठलं तर चुकून कंट्रोल+एस दाबलं गेलं असेल. कंट्रोल+क्यू दाबा.

एखादी वेबसाइट ब्राउझरचा शॉर्टकट पळवू शकते का?

हो, बरेचसे. कंट्रोल+एफ दाबल्यावर साइटचा स्वतःचा शोध उघडतो तो त्यामुळेच. नवीन टॅब, नवीन विंडो आणि टॅब बंद करणं हे मात्र क्रोम साइटच्या हाती देत नाही. फायरफॉक्समध्ये पानाच्या माहितीत परवानग्यांच्या यादीत शॉर्टकट ओव्हरराइड करायची परवानगी साइटपुरती बंद करता येते.

हे सगळं लिनक्सचंच दुखणं आहे का? विंडोजवर नसतं?

असतं. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने कंट्रोल+आल्ट+अ‍ॅरो स्क्रीन फिरवायला घेतलेलं जुन्या मशीनवर अजून सापडतं. स्क्रीन उलटी झाली तर कंट्रोल+आल्ट+वरचा अ‍ॅरो दाबून सरळ होते, आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये हॉट की बंद करता येतात. एनव्हीडियाचा ओव्हरले आल्ट+झेड घेतो, तोच व्हीएस कोडमध्ये लांब ओळी मोडून दाखवायचा शॉर्टकट. टॅलीत मधूनच देवनागरी उमटायला लागली तर बहुधा आल्ट+शिफ्टने भाषा बदललेली असते. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमधून तो शॉर्टकट काढता येतो. विंडोजवरही जो आधी नोंदवेल त्याचा शॉर्टकट, दुसऱ्याला नकार.

क्लासच्या लॅबमध्ये सगळ्या मशीनवर एकसारखं करायचं आहे. प्रत्येकावर हाताने?

नको. ग्नोम आणि सिनॅमन शॉर्टकट डीकॉन्फ नावाच्या सेटिंग्जच्या साठ्यात ठेवतात. सगळ्या युजरसाठी एकच मूळ सेटिंग लावता येतं आणि मुलांनी बदलू नये म्हणून कुलूपही घालता येतं. एक्सएफसीईत ते एका एक्सएमएल फाइलमध्ये असतात, एका मशीनवर नीट करून फाइल बाकीच्यांवर कॉपी करा. केडीईत शॉर्टकटची योजना एक्स्पोर्ट करून दुसरीकडे इम्पोर्ट होते. काय बदललं त्याचा एक कागद छापून भिंतीवर लावा, मराठीत. आपल्या घरच्या मशीनवर ते वेगळं असेल हे मुलांना कळायला हवं.

मशीन वापरणाऱ्यांत एकजण दृष्टिहीन आहे. काही जपायला हवं का?

हो, आणि बाकी सगळ्याच्या आधी. ओर्का आणि एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारी सॉफ्टवेअर, इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक या बटणांवर चालतात. ग्नोममध्ये ओर्का सुपर+आल्ट+एस ने चालू-बंद होतो. कॅप्स लॉकवर भाषा बदल बसवला, किंवा इन्सर्ट दुसऱ्या कामाला लावलं, तर त्या माणसाचं मशीन मुकं होतं, आणि सेटिंग परत बदलायला त्याला स्क्रीनही दिसत नाही. या बटणांना त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. वेगळा युजर अकाउंट करून द्या म्हणजे दुसऱ्याच्या बदलांचा त्याला त्रास होत नाही.

कंट्रोल+आल्ट+एफ3 दाबलं आणि स्क्रीन काळी होऊन लॉगिन मागू लागली. काम गेलं का?

गेलं नाही. तुम्ही दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे त्याच मशीनच्या फक्त अक्षरांच्या दुसऱ्या स्क्रीनवर, गेलात. कंट्रोल+आल्ट धरून एफ1, एफ2 आणि एफ7 एकेक करून दाबा, यांतल्या एकावर तुमचं काम जसंच्या तसं सापडेल.

खूप बदल केले, आता काहीच धड चालत नाही. मूळ जागी कसं यायचं?

ग्नोमच्या शॉर्टकटच्या पानावर सगळं रीसेट करायचं बटण आहे. एक्सएफसीईत दोन्ही ठिकाणी, कीबोर्डमध्येही आणि विंडो मॅनेजरमध्येही, वेगवेगळं रीसेट करावं लागतं. केडीईत पानाखाली ‘डिफॉल्ट्स’ आहे. रीसेट करण्याआधी स्वतः तयार केलेल्या शॉर्टकटचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, ते जाण्याची शक्यता असते. मग एका वेळी एकच शॉर्टकट बदला, लगेच त्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन दाबून बघा, चालला की पुढचा घ्या.